आतली कडी

चित्रकलेच्या बाईंना या कामात काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची वेळ आली, तर हिशेब लपवला असं कुणी म्हणायला नको.

एकोणीस वर्षं बाई या शाळेत होत्या आणि एकोणीस वर्षं त्यांना स्वतःची खोली नव्हती. रंग, ब्रश, कागद, पाण्याच्या वाट्या हे सगळं चाकाच्या टेबलावर घालून त्या वर्गावर्गात ढकलत न्यायच्या. टेबलाचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे चित्रकला येतेय हे मुलांना लांबूनच कळायचं. कागदावर ती आठवड्यातून दोनदा यायची. प्रत्यक्षात गणिताचे सर वाटेतच आडवे यायचे. "बाई, पोर्शन राहिलाय हो. चित्रं काय, घरीही काढतील." मग चाक कुरकुरत परत.

आता वरच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. हिंसेची झळ लागलेल्या बारा विद्यार्थ्यांसाठी बारा आठवडे कलोपचार, दर मंगळवारी आणि गुरुवारी. बाहेरून एक समुपदेशक येणार, तिच्या मदतीला शाळेतलं एक माणूस. आणि पत्राच्या शेवटी, बाईंनी दोनदा वाचलेली ओळ: 'वाहत्या पाण्याची सोय असलेली स्वतंत्र खोली द्यावी.' अशी खोली शाळेत एकच होती. तळमजल्यावरची, उत्तरेच्या खिडकीची, कोपऱ्यात बेसिन आणि नळ असलेली. बारा आठवड्यांनंतर ती कायम ठेवायची तर विशेष प्रस्ताव पाठवावा लागणार होता.

"उपचार? म्हणजे रंग पाजायचे का पोरांना?" गणिताचे सर म्हणाले. शिक्षकांची खोली हसली. "कोण तयार आहे?" असं मोठ्या सरांनी विचारलं, आणि वाक्य संपायच्या आत बाईंचा हात वर. तो हात नळासाठी वर गेला होता. मुलांचा विचार मागाहून आला. फार मागाहून नाही, पण मागाहूनच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोली कायम करण्याचा प्रस्ताव आपल्या सुरेख अक्षरात लिहून मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवलासुद्धा.

झालं होतं ते असं. पत्र येण्याच्या दोन महिने आधी, मधली सुट्टी संपून दहा मिनिटं झाली असतील, रस्त्यावरची मारामारी शाळेत शिरली. तीन तरुण भिंतीवरून उडी मारून आत आले, त्यांच्या मागे गज घेतलेली माणसं. शिपाईकाका जिन्यात आडवे उभे राहिले; त्यांचा कोपर दोन ठिकाणी मोडला. माणसं दुसऱ्या मजल्यावर गेली, काचा फोडल्या, एकेक दार उघडून पाहिलं. सातवीचा वर्ग मागच्या जिन्याने खाली पळाला. बारा जण राहिले, ते नकाशांच्या खोलीत शिरले. चाळीस मिनिटांनी मदत आली तेव्हा बाराही जण नकाशांच्या गुंडाळ्यांमागे बसलेले होते, एकालाही ओरखडा नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि 'मुलांना काही झालं नाही' असं लिहून दिलं.

मग एक मुलगा दाराकडे पाठ करून बसेना. एकाला खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला की उलटी व्हायची. आणि टिटवी गप्प झाली. सातवीतली ही मुलगी इतकी बोलायची की तिला टिटवी हे नाव वर्गाने नाही, गणिताच्या सरांनी ठेवलं होतं. आता ती हजेरीला 'हजर' म्हणायची, तेवढंच. सुट्टीत एकटीच मजल्यामजल्यावरून हिंडत असायची.

समुपदेशक वयाने बाईंच्या निम्मी होती. मुलं तिला ताई म्हणू लागली. पहिल्या दिवशी तिने बाईंना बाजूला घेतलं.

"एकच विनंती, बाई. चित्र बघून 'छान' म्हणायचं नाही."

"आणि वाईट असेल तर?"

"तर 'वाईट'ही म्हणायचं नाही. गुण द्यायचे नाहीत, सुधारायचं नाही, 'हे काय काढलंस' असं विचारायचं नाही. चित्रं मुलांची. ती या कपाटातून बाहेर जाणार नाहीत, असं मी त्यांना कबूल केलंय."

"मग मी करायचं काय?"

"बसायचं."

बाईंनी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. त्या दिवसापासून ताईचं तिथलं नाव 'छान-नको' पडलं.

तीन आठवडे बाई बसल्या. जिभेच्या टोकावर आलेली 'छान' किती गिळली त्याचा हिशेब त्यांनाच ठाऊक. चौथ्या आठवड्यात टिटवीने पहिल्यांदा अख्खा कागद भरला. दार होतं ते. तपकिरी खडू इतका दाबून घासलेला की कागद फुगला होता. चौकट होती, फळ्या होत्या, तीन बिजागऱ्या होत्या आणि प्रत्येक बिजागरीला चार स्क्रू. एवढं सगळं, आणि हँडल नाही.

बाई मागून चालल्या होत्या. एकोणीस वर्षांची सवय डोक्यात नसते, बोटांत असते. कानामागची पेन्सिल कधी हातात आली, त्यांना कळलं नाही. "हँडल राहिलं बघ, बाळा," म्हणत त्यांनी वाकून दोन रेघांत हँडल काढलं. खाली सावलीही दिली. सावली फार झकास उतरली होती, तेही इथे नोंदवून ठेवू.

टिटवीने हँडलकडे पाहिलं. खडू डबीत ठेवला, झाकण लावलं, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. तो तास तशीच. पुढचा तास तशीच. त्याच्या पुढचाही.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पेन्सिल कानामागे नको, बाई. पर्समध्ये ठेवा."

घरी बाईंची थोरली बहीण होती, अक्का. नवरा गेल्यापासून बाईंकडेच राहायची आणि पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. बाईंनी चपला काढता काढता सगळं सांगितलं. अक्काने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. बोलायचं असलं की ती आधी टाचण्या काढायची, आणि बाईंना लहानपणापासून त्याची धास्ती होती.

"मूर्ख आहेस."

"दोन रेघा तर काढल्या, अक्का!"

"माझ्याकडे माणूस येतो. म्हणतो, बाही सैल ठेवा. मी म्हणते, अहो, घट्ट उठून दिसेल, आणि करते घट्ट. घरी जाऊन घालतो तर हात वर होत नाही. चूक कुणाची?"

"उसवून देशील ना मग?"

"देईन. पण आधी तोंडाने सांगेन की माझं चुकलं. नुसतं उसवून दिलं ना, तर त्या माणसाला वाटतं आपल्या हातातच खोट आहे."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तर नाही बोलली. तुझं काय दूध उतू चाललंय?" अक्काने टाचण्या परत तोंडात घेतल्या, म्हणजे विषय संपला.

मंगळवारी बाई टिटवीच्या शेजारी, मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या. गुडघा वाजला. "तुझ्या दारावर मी हँडल काढलं," त्या म्हणाल्या. "तुला विचारलं नाही. माझं चुकलं." टिटवी समोर बघत राहिली. बाईंनी आपलेही हात मांड्यांखाली घातले. तासाच्या शेवटी दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. गुरुवारी त्या पुन्हा तिथेच बसल्या. पुढच्या मंगळवारी आणखी एकदा. शेजारून जाताना गणिताचे सर दारातून डोकावले. "बाईंवर पण उपचार चाललेत वाटतं!" बाईंनी मान वळवली नाही. ही मुलगी पुन्हा खडू हातात घेईपर्यंत ही खुर्ची सोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि बाईंनी ठरवलेलं मोडणं हे फक्त अक्काला जमायचं.

त्या गुरुवारी त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं आणि शेजारी खोडरबर. "खोडायचं असेल तर तू खोड. मी हात लावणार नाही."

टिटवीने बराच वेळ खोडरबराकडे पाहिलं.

"खोडून काय उपयोग?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "आता त्यांना कळलं ना, हँडल कुठे असतं ते."

बाईंच्या तोंडाशी तीन उत्तरं आली. तिन्ही गिळून त्या बसून राहिल्या. उरलेल्या अकरा जणांचे खडू थांबले होते.

"आतून कडी नाहीये त्या दाराला," टिटवी म्हणाली. "कुठल्याच दाराला नाही. मी सगळी बघितली. बत्तीस आहेत."

म्हणजे जवळजवळ चार महिने सुट्टीत ती हिंडत नव्हती. मोजत होती.

"ते गजवाले बाहेरून हँडल खाली दाबायचे. मी आतून वर धरलं होतं, दोन्ही हातांनी. मग ते थांबायचे, पुढच्या दाराकडे जायचे. मग परत यायचे. मीच सगळ्यांना सांगितलं, एक शब्द बोलायचा नाही."

"मग आता बोललं तर चालेल?" दाराकडे तोंड करून बसणाऱ्या मुलाने विचारलं. त्याने ते ताईला नाही, बाईंना नाही, टिटवीलाच विचारलं. गप्प बसा म्हणून तिने सांगितलं होतं; आता बोला, असं इतक्या दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं.

टिटवीने मान डोलावली. तो तास संपला तेव्हा ताईने बाहेर येऊन भिंतीला पाठ टेकली. "एक लक्षात घ्या, बाई. चित्रातलं दार दुरुस्त करायला आपण बसलेलो नाही."

"चित्रातलं नाही हो," बाई म्हणाल्या. "खरं."

मोठ्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, पूर्वी कड्या होत्या, तुम्हालाही आठवत असतील. काढून टाकल्या. पोरं आतून लावून बसायची. आता पुन्हा बसवायच्या म्हणजे नियम बदलायचा, म्हणजे विशेष प्रस्ताव."

"मग पाठवा."

"तुमचा खोलीचा पाठवतोय ना! पुढच्या आठवड्यात वरच्या कार्यालयाचे साहेब स्वतः येतायत. सही झाली की खोली कायमची तुमची. एका शाळेचा वर्षाला एकच विशेष प्रस्ताव जातो. दुसरा पुढच्या वर्षी बघू."

"एक साधी कडी, सर."

"कडी बसवायला सुतार पुरतो, बाई. बसवलेली ठेवायला साहेब लागतात."

खिडकीतून तळमजल्यावरची ती खोली दिसत होती; नळाखाली धुतलेले ब्रश उभे केलेले होते. एकोणीस वर्षांत वाट्या धुवायला शौचालयापर्यंत न जाता त्यांनी काढलेले हे पहिले दोन महिने.

"माझा प्रस्ताव परत द्या," त्या म्हणाल्या. "कड्यांचा पाठवा."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. "नक्की? बरं. मग असं करा, त्या मुलीचं ते दाराचं चित्र सोबत जोडा. साहेब मुलांच्या चित्रांपुढे विरघळतात. पाच मिनिटांत सही."

"चित्र कपाटातून बाहेर जाणार नाही. तसं कबूल केलंय."

"कुणाला?"

"मुलांना."

"मुलांना!" मोठे सर हसले, मुलांना कबूल केलेल्या गोष्टीवर शिक्का नसतो, अशा अर्थाने. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मग साहेबांना पटवायचं कसं, ते तुम्हीच बघा."

बाईंनी आपल्याच जुन्या प्रस्तावाच्या कोऱ्या पाठीवर नकाशांच्या खोलीचं दार मोजमापाने काढायचं ठरवलं. टेप मागायला त्या गणिताच्या सरांकडे गेल्या. काय करायचंय हे ऐकल्यावर सर उठले नाहीत. वहीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत राहिले.

"कड्या मीच काढायला लावल्या," ते म्हणाले. "चौदा वर्षं झाली. चाचणी होती. पोरांनी आतून कडी लावली आणि मी तासभर बाहेर. अख्खी शाळा हसली, तुम्हीही हसला असाल. मग मी अर्ज केला."

"बत्तीस दारांच्या?"

"सगळ्या. एकही ठेवू नका म्हटलं." त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढला. "मोजायला मी येतो. तुमच्या मापात नेहमी चूक असते."

मंगळवारी बाईंनी टिटवीला विचारलं, "साहेब येतायत. त्यांना काय सांगायचं? तू म्हणशील तेवढंच सांगेन."

टिटवीने विचार केला. "माझं चित्र नाही."

"नाही."

"नावही नाही."

"नाही."

"दार दाखवा मग." तिने खडूची डबी उघडली, बंद केली. "त्यांनाच धरायला लावा."

साहेब उंच, धिप्पाड, गुळगुळीत दाढीचे. त्यांनी सत्काराची फुलं स्वीकारली, प्रस्ताव चाळला आणि म्हणाले, "कड्या? याला कारण काय जोडलंय? एक दाराचं ड्रॉइंग?"

"कारण दुसऱ्या मजल्यावर आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"बाई, साहेबांना वेळ नाही," मोठे सर घाईने म्हणाले.

"दोन मिनिटं लागतील."

नकाशांच्या खोलीत साहेबांना आत उभं केलं. हँडल दोन्ही हातांनी वर धरायचं, बाहेरून कुणी दाबलं तरी सोडायचं नाही. साहेब हसले, बाह्या सावरल्या. बाहेर गणिताचे सर उभे राहिले. ताईने घड्याळ हातात घेतलं. आणि सरांनी दाबलं. त्यांनी साहेब म्हणून हात आखडता घेतला नाही. चौदा वर्षांचं सगळं वजन त्यांनी त्या हँडलवर टाकलं. मग थांबले. साहेबांनी बोटं मोकळी करायला एक हात काढला, तेवढ्यात पुन्हा दाबलं. सांगितलं होतं तसंच.

एक मिनिट पन्नास सेकंदांनी हँडल खाली गेलं, दार उघडलं आणि गणिताचे सर तोल जाऊन साहेबांच्या अंगावर आले.

कुणी हसलं नाही. साहेब आपल्या तळहातांकडे बघत होते. त्यांवर लाल वळ उमटले होते.

"त्या दिवशी किती वेळ धरलं होतं?"

"चाळीस मिनिटं."

"कुणी मोठं माणूस होतं आत?"

"नाही."

"कोण होतं?"

"ते सांगता येणार नाही, साहेब. आम्ही कबूल केलंय."

मोठ्या सरांचा चेहरा पडला. साहेबांनी मात्र पुढे काही विचारलं नाही. त्यांनी तिथेच, नकाशाच्या पेटीवर कागद ठेवून सही केली. बोटं अजून आखडलेली असल्यामुळे सही जरा वाकडी आली. बाईंनी ती सुधारली नाही.

पंधरा दिवसांत बत्तीस कड्या बसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बसवताना टिटवी सुताराच्या शेजारी स्क्रूंची डबी धरून उभी होती. नकाशांच्या खोलीची कडी तिने लावली, काढली, लावली, काढली. सतरा वेळा. बाईंच्या जिभेवर 'छान' आलं होतं. त्या बसून राहिल्या.

बारा आठवडे संपले आणि तळमजल्यावरची खोली क्रीडासाहित्याला गेली. मंगळवार-गुरुवार मात्र बंद झाले नाहीत. चाकाचं टेबल कुरकुरत दुसऱ्या मजल्यावर चढलं, म्हणजे चार मुलांनी उचलून चढवलं, आणि नकाशांच्या खोलीत जाऊन बसलं. पाणी खालून बादलीने. टिटवी अजून दारंच काढते. आता त्यांना हँडल असतं, ते तिने स्वतः काढलेलं, आणि त्याच्या वर कडी, चारही स्क्रूंसकट. बरी झाली असं ताई म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. पण गेल्या गुरुवारी बादली टेबलाखाली आदळून तिने तोंड उघडलं. "बाई, नळ तळमजल्यावर आणि चित्रकला दुसऱ्या मजल्यावर! डोकं चालवलं होतं का हो कुणी?" आणि तिथून पुढे बादल्या, जिने, क्रीडासाहित्य आणि शाळेचा कारभार यांवर ती न थांबता बोलत राहिली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. नऊ मिनिटं.

तर आता हिशेब, कुणी काय भरलं. बाईंनी नळ आणि उत्तरेची खिडकी. गणिताच्या सरांनी आठवड्याचे दोन तास, जे ते आता मागत नाहीत, आणि गुरुवारची एक बादली, जी ते कुणी सांगितल्याशिवाय वर आणून ठेवतात. ताईने आपली एकुलती मोकळी दुपार. साहेबांनी तळहातांवरचे दोन वळ, जे संध्याकाळपर्यंत गेले असतील. शिपाईकाकांनी कोपर, जो सरळ होत नाही. टिटवीने चाळीस मिनिटं, आणि त्यावर जवळजवळ चार महिन्यांची वाचा.

गज घेऊन जिना चढलेल्यांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.